भाड्याची खोली, डिपॉझिट आणि करार: छोट्या शहरातल्या भाडेकरूला नेमकं काय मिळतं?

पुणे-नाशिक महामार्गावरचं चाकण एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जायचं. नंतर एमआयडीसी आली. बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगनसारख्या कंपन्यांचे कारखाने आले. त्यांच्या मागोमाग सुटे भाग बनवणारी शेकडो युनिट्स उभी राहिली. २०१५ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून मुलं कामाला आली. त्यांच्यासाठी घरं मात्र ना सरकारनं बांधली, ना कंपन्यांनी. ती बांधली स्थानिक शेतकऱ्यांनी. शेताच्या कडेला दहा बाय दहाच्या खोल्यांची रांग, वर पत्रा आणि बाहेर सामाईक संडास-बाथरूम.

हे चित्र फक्त चाकणचं नाही. जिथे कारखाना, कॉलेज, मोठं हॉस्पिटल किंवा बाजार समिती आहे, अशा महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या शहरांत कमी उत्पन्नाचे लोक अशाच खोल्यांत राहतात. मुंबई-पुण्याच्या घरभाड्यावर भरपूर बोललं जातं. छोट्या शहरात मात्र 'तिथे काय, स्वस्तच असतं' म्हणून विषय संपतो.

खरंच स्वस्त असतं का? सरकारची भाड्याच्या घरांची योजना आहे, ती कुणासाठी? कायदा भाडेकरूला काय देतो? आणि सोशल मीडियावर 'नवीन भाडे नियम' म्हणून जे फिरतं, त्यात खरं किती?

किती लोक भाड्याने राहतात?

२०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या शहरी भागातली २७.५ टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. ग्रामीण भागात हेच प्रमाण ३.४ टक्के होतं. म्हणजे गावात घर आपलं असतं आणि शहरात आलं की भाडं सुरू होतं. गावाचं शहर होत असताना सगळ्यात आधी वाढते ती भाडेकरूंची संख्या.

त्याच जनगणनेत आणखी एक आकडा होता. शहरी भागात सुमारे १.१ कोटी घरं रिकामी होती. आणि केंद्र सरकारनंच नेमलेल्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०१२ मध्ये शहरांमध्ये सुमारे १.८८ कोटी घरांची कमतरता होती. या कमतरतेतला ९५ टक्क्यांहून जास्त भाग आर्थिक दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातल्या कुटुंबांचा होता.

एकीकडे कोट्यवधी रिकामी घरं आणि दुसरीकडे कोट्यवधी बेघर किंवा दाटीवाटीत राहणारी कुटुंबं. घरं कमी आहेत हे खरंच, पण असलेलं घर भाड्याने द्यायला मालक का कचरतो, हाही तितकाच मोठा प्रश्न आहे. त्याचं उत्तर पुढे येईल.

'परवडणारं' भाडं म्हणजे किती?

जगभर एक ढोबळ नियम वापरला जातो. घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत असेल, तर घर परवडणारं. महिन्याला १५,००० रुपये कमावणाऱ्यासाठी ही मर्यादा ४,५०० रुपये होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा खोलीचं भाडं ४,००० आहे. म्हणजे उत्पन्नाच्या सुमारे २७ टक्के. कागदावर परवडणारं.

पण डिपॉझिट २०,००० मागितलं. एजंटची एक महिन्याची दलाली ४,०००. पहिल्या महिन्याचं भाडं ४,०००. म्हणजे किल्ली हातात येण्याआधी २८,००० रुपये रोख मोजायचे. जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. ही रक्कम बहुतेकांकडे नसते. मग ती गावाकडून, मित्राकडून किंवा ठेकेदाराकडून उचल म्हणून येते. ११ महिन्यांनी खोली बदलावी लागली, तर दलाली पुन्हा. जुनं डिपॉझिट वेळेत परत मिळालं नाही, तर तीही रक्कम पुन्हा उभी करायची.

दुसरा लपलेला खर्च विजेचा. पाच खोल्या आणि एकच मीटर, ही छोट्या शहरातली नेहमीची व्यवस्था. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. पहिली १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. प्रत्येक खोलीत महिन्याला ६० युनिट जळली, तर पाच खोल्यांची मिळून ३०० युनिट होतात. यातली १०० युनिटच पहिल्या टप्प्यात बसतात, उरलेली २०० दुसऱ्या टप्प्यात जातात. प्रत्येक खोलीला वेगळं मीटर असतं, तर सगळ्यांचा वापर पहिल्याच टप्प्यात राहिला असता. थोडक्यात, सगळ्यात कमी वीज वापरणारा माणूस जास्त दराने पैसे भरतो. मालकाने युनिटमागे स्वतःचा दर लावला, तर हा बोजा आणखी वाढतो.

त्यामुळे खोली परवडते की नाही, हे फक्त भाड्याच्या आकड्यावरून ठरत नाही. डिपॉझिट किती, वीज कशी मोजणार आणि किती महिने निश्चिंत राहता येईल, हे तिन्ही त्यात मोजावं लागतं.

सरकारची भाड्याच्या घरांची योजना आहे का?

आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत लाखो कामगार शहरं सोडून पायी गावाकडे निघाले. भाडं थकलं म्हणून खोली सोडावी लागली, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. त्यानंतर केंद्र सरकारनं 'परवडणारी भाडे गृहसंकुले' ही योजना जाहीर केली. ८ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. ती प्रधानमंत्री आवास योजना-शहरीचा भाग होती.

योजनेचे दोन मार्ग होते.

पहिला मार्ग: सरकारी पैशातून आधीच बांधलेली पण रिकामी पडलेली घरं दुरुस्त करून २५ वर्षांसाठी भाड्याने चालवायची.

दुसरा मार्ग: कंपन्या, उद्योग किंवा संस्थांनी स्वतःच्या मोकळ्या जागेवर भाड्याची घरं बांधायची. त्यांना करसवलत, वाढीव बांधकाम क्षेत्र आणि नव्या बांधकाम तंत्रासाठी अनुदान मिळणार होतं.

एका बेडरूमचं घर ३० चौरस मीटरपर्यंत, दोन बेडरूमचं ६० चौरस मीटरपर्यंत आणि डॉर्मिटरीतला एक बेड १० चौरस मीटरपर्यंत, अशी मापं ठरली. भाडं दर दोन वर्षांनी ८ टक्के आणि पाच वर्षांत जास्तीत जास्त २० टक्के वाढवता येईल, अशी मर्यादाही घातली.

योजना जाहीर करताना देशात अशी सुमारे १.०८ लाख रिकामी सरकारी घरं असल्याचं सांगितलं गेलं होतं. पहिल्या काही वर्षांत त्यातली साडेपाच हजारांच्या आसपास घरंच भाड्याने देण्यासाठी तयार झाली. चंदीगडमध्ये २,१९५ आणि सुरतमध्ये ३९३ घरं ही सुरुवातीची मोठी उदाहरणं.

इतकी कमी का? ही घरं रिकामी का पडली होती, त्यातच उत्तर आहे. अनेक वसाहती शहराच्या टोकाला होत्या. कामाच्या ठिकाणापासून लांब, बस नाही, पाणी नाही, काही ठिकाणी खिडक्या-दारंही गेलेली. ज्या घरात जाण्यापेक्षा लोकांनी झोपडी पसंत केली, ते घर नुसतं 'भाड्याचं' म्हटल्यानं राहण्यासारखं होत नाही.

आता नवीन काय आहे?

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मंजूर केली. पाच वर्षांत १ कोटी शहरी कुटुंबांना मदत, असं तिचं उद्दिष्ट आहे. तिचे चार घटक आहेत आणि त्यातला एक घटक फक्त परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा आहे.

यात वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेलं कुटुंब आर्थिक दुर्बल गटात धरलं जातं, तर ३ ते ६ लाखांचं अल्प उत्पन्न गटात. नवीन तंत्राने भाड्याची घरं बांधणाऱ्यांना केंद्राकडून चौरस मीटरमागे ३,००० आणि राज्याकडून २,००० रुपयांचं अनुदान ठेवलं आहे.

छोट्या शहरांसाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही योजना महानगरांपुरती नाही. नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेली शहरंही तिच्या कक्षेत येतात.

राज्य पातळीवरही हालचाल आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २० मे २०२५ रोजी नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं लक्ष्य त्यात आहे. औद्योगिक कामगार, नोकरदार महिला आणि विद्यार्थी यांच्यासाठी भाड्याच्या घरांचा विचारही या धोरणात आहे.

मात्र महाराष्ट्राचा आधीचा अनुभव लक्षात ठेवायला हवा. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेशात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना सुरू झाली होती. विकासकाला वाढीव बांधकामाची परवानगी आणि बदल्यात सरकारला भाड्याने द्यायला घरं, असा व्यवहार होता. काही वर्षांतच योजनेचं स्वरूप बदललं. भाड्यासाठी बांधलेली घरं मालकी हक्कानं देण्याकडे वळवली गेली. पनवेलजवळच्या कोन इथली गिरणी कामगारांना मिळालेली घरं त्यातलीच. ज्यांना ती मिळाली त्यांचा फायदा झाला, पण भाडेकरूसाठी बांधलेली घरं भाडेकरूच्या वाट्याला आली नाहीत.

मग भाडं कमी होणार का?

इथे नीट समजून घेण्याची गोष्ट आहे. या योजनांमध्ये सवलत मिळते ती घर बांधणाऱ्याला किंवा चालवणाऱ्याला. भाडं ठरतं परिसरातल्या दरांची पाहणी करून. 'तुमचं उत्पन्न इतकं, म्हणून तुमचं भाडं इतकंच' असा नियम त्यात नाही. भाडेकरूच्या खात्यात पैसेही येत नाहीत.

दुसरी पद्धत कशी असते, हे पाहायला अमेरिकेतल्या छोट्या गावांचं उदाहरण उपयोगी आहे. तिथे १९६० च्या दशकापासून कृषी खात्यामार्फत एक योजना चालते. छोट्या गावांत भाड्याची घरं बांधणाऱ्यांना खातं दीर्घ मुदतीचं, अगदी नाममात्र व्याजाचं कर्ज देतं. अट एकच, घरं कमी उत्पन्नाच्या लोकांनाच भाड्याने द्यायची. त्यातल्या बऱ्याच घरांत भाडेकरू उत्पन्नाच्या ३० टक्केच भाडं देतो आणि उरलेली रक्कम सरकार मालकाला भरतं. या योजनेतून पाच लाखांहून जास्त घरं उभी राहिली.

तिथेही आज अडचण आहे. कर्ज फिटलं की मालकावरची अट संपते आणि घर खुल्या बाजारात जातं. नव्या बांधकामासाठी थेट कर्ज देणं बऱ्याच वर्षांपासून जवळपास थांबलं आहे. म्हणून जुनी घरं हातातून जात आहेत आणि त्यांची जागा घेणारी नवी घरं तितक्या वेगानं येत नाहीत.

यातून दोन गोष्टी दिसतात. खर्च आणि भाडेकरूची ऐपत यांच्यातला फरक कुणीतरी सतत भरला, तरच गरिबासाठी भाडं कमी राहतं. आणि ते भरणं थांबलं की घरंही जातात.

महाराष्ट्रात असा फरक भरण्याचं एक उदाहरण आहे, पण ते विद्यार्थ्यांपुरतं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवण, निवास आणि इतर खर्चासाठी वार्षिक रक्कम थेट खात्यात मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती ६०,००० रुपये, इतर महापालिका शहरांसाठी ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० अशी ठरवली गेली. आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठीही अशाच स्वरूपाच्या योजना आहेत. कारखान्यातल्या हेल्परला, हॉटेलातल्या वेटरला किंवा हॉस्पिटलच्या मावशींना असा आधार नाही.

त्यामुळे आज छोट्या शहरात खोली शोधणाऱ्याला सरकारी भाड्याचं घर मिळण्याची शक्यता कमी आहे. तो खासगी मालकाच्याच खोलीत राहणार आहे. म्हणूनच त्याच्यासाठी योजनेपेक्षा कायदा जास्त जवळचा आहे.

महाराष्ट्रात कोणता कायदा लागू आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. कायद्याच्या परिशिष्टांत दिलेल्या शहरांना आणि भागांना तो लागू होतो.

घर दोन प्रकारे दिलं जातं.

पहिला प्रकार म्हणजे भाडेकरार. यात राहणारा माणूस 'भाडेकरू' असतो. त्याला कायद्याचं मोठं संरक्षण मिळतं. तो भाडं भरत असेल तर कायद्यात दिलेल्या ठराविक कारणांशिवाय त्याला काढता येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे लिव्ह अँड लायसन्स. यात मालक ठराविक काळासाठी घर वापरायची फक्त परवानगी देतो. मुदत संपली की घर खाली करावं लागतं. नाही केलं तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई लागू शकते.

आज महाराष्ट्रातले बहुतेक नवे करार दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणून 'मी भाडेकरू आहे, मला कुणी काढू शकत नाही' हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. पण याचा अर्थ मालकानं सामान बाहेर फेकावं किंवा कुलूप घालावं, असाही नाही. मुदत संपल्यावर घर ताब्यात घेण्यासाठीसुद्धा कायद्यानं प्रक्रिया घालून दिली आहे.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हे खरं का?

नाही. हा महाराष्ट्रातला सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे.

नोंदणी कायदा १९०८ नुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचे भाडेपट्टे नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून नोंदणी टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्राच्या भाडे कायद्याचं कलम ५५ वेगळं सांगतं. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा.

नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

त्याच कलमात भाडेकरूच्या फायद्याची एक ओळ आहे, जी फारशी कुणाला माहीत नसते. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्या माणसाचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते चूक आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

१०० किंवा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. ती माहिती मालकानं द्यायची असते आणि तिच्यामुळे करार झाला असं होत नाही.

नोंदणीला खर्च किती येतो?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. लिव्ह अँड लायसन्सवर एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज.

वरचंच उदाहरण घेऊ. भाडं ४,०००, डिपॉझिट २०,०००, मुदत ११ महिने.

- ११ महिन्यांचं भाडं: ४४,००० रुपये
- डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज: सुमारे १,८३३ रुपये
- बेरीज: ४५,८३३ रुपये
- त्याचे ०.२५ टक्के: सुमारे ११५ रुपये

यावर नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. दस्त हाताळणीचे थोडे पैसे वेगळे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून हे काम ऑनलाइन होतं. दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची आधार पडताळणी लागते. एजंटकडून करून घेतलं तर त्याची फी वाढते. म्हणून आधी सरकारी शुल्क किती आणि त्याची फी किती, हे वेगवेगळं विचारावं.

ही रक्कम निम्मी-निम्मी वाटून घेतली, तर भाडेकरूच्या वाट्याला महिन्याला ५०-५५ रुपये येतात. तेवढ्यात डिपॉझिटचा लेखी पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि मुदतीची खात्री मिळते. बँक खातं, गॅस जोडणी, मुलांचा शाळाप्रवेश, सगळीकडे हा कागद चालतो.

मालक करार नोंदवायला का तयार नसतात?

तीन भीती नेहमी दिसतात.

पहिली: '१२ वर्षं राहिला की घर त्याचं होतं.' हा संदेश व्हॉट्सअपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. कायद्यातली १२ वर्षांची तरतूद मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीनं राहतो, म्हणून केवळ १२ वर्षं राहिल्यानं तो मालक होत नाही. उलट नोंदणीकृत करार हाच परवानगीचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो. म्हणजे ज्या भीतीपोटी मालक करार टाळतो, तिच्यावरचा उपाय करारच आहे.

दुसरी: 'आयकर लागेल.' दहा खोल्या, प्रत्येकी ४,००० भाडं, म्हणजे वर्षाला ४.८ लाख. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के थेट वजावट मिळते. उरतात ३.३६ लाख. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. दुसरं मोठं उत्पन्न नसेल, तर अशा मालकाला कर लागणारच नाही.

तिसरी: 'बांधकामाला परवानगी नाही, ते उघड होईल.' ही भीती अनेक ठिकाणी खरी आहे. शेतजमिनीवर, गुंठ्यावर बांधलेल्या खोल्या हीच छोट्या शहरातली स्वस्त घरं आहेत. त्या पाडल्या तर गरिबाचं छप्पर जातं आणि तशाच सोडल्या तर संडास, पाणी, आगीपासून सुरक्षितता यांची जबाबदारी कुणीच घेत नाही. नगरपरिषदांनी अशा खोल्यांसाठी किमान सोयींची अट घालून त्या नियमित करण्याचा मार्ग काढला, तर सगळ्यात लवकर फरक इथेच पडू शकतो.

'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही', हे खरं का?

महाराष्ट्रात सध्या नाही. हा नियम आदर्श भाडेकरू कायद्यातला आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट, घरात येण्याआधी मालकानं २४ तासांची सूचना देणं, वादांसाठी वेगळं भाडे न्यायालय, अशा तरतुदी त्यात आहेत.

पण नावाप्रमाणे तो 'आदर्श' कायदा आहे. राज्यानं स्वतः तो स्वीकारला तरच लागू होतो. तमिळनाडू, आंध्र प्रदेश, उत्तर प्रदेश, आसाम अशा मोजक्या राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे आणि त्यात डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा नाही. त्यामुळे तो फॉरवर्ड दाखवून मालकाशी वाद घालून उपयोग नाही. डिपॉझिट घासाघीस करूनच कमी करून घ्यावं लागतं.

खोली घेण्याआधी काय पाहाल?

- डिपॉझिट शक्यतो यूपीआय किंवा बँकेतून द्या. रोख दिलं तर सहीची पावती घ्या. करारात पूर्ण रक्कम लिहून घ्या. 'अर्धी कागदावर, अर्धी तोंडी' याला तयार होऊ नका.
- भाड्याची पावती मागा. भाडेकरूला लेखी पावती न देणाऱ्या मालकाला कायद्याच्या कलम २६ नुसार दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- वीज कशी मोजणार, युनिटमागे दर काय, पाण्याचे आणि टँकरचे पैसे कुणाचे, हे करारात लिहा. शक्य असेल तर वेगळ्या मीटरची मागणी करा.
- डिपॉझिट खोली सोडल्यावर किती दिवसांत परत मिळेल आणि त्यातून कशाचे पैसे कापले जातील, हेही लिहा.
- आत जाताना भिंती, नळ, दार, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअपवर पाठवा. जाताना हेच कामी येतात.
- मुदतीआधी खोली सोडायची किंवा सोडवायची असेल तर किती दिवसांची सूचना द्यायची, हे दोन्ही बाजूंसाठी सारखं ठेवा.

वाद झाला तर कुठे जायचं?

भाडेकरूचं पाणी, वीज किंवा इतर अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडायला कायद्याच्या कलम २९ नुसार मनाई आहे. तसं झालं तर न्यायालयात दाद मागता येते. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी हीच अट करारात लिहून घेतलेली बरी. धमकी, मारहाण किंवा सामान अडवून ठेवण्याचा प्रकार असेल तर पोलिस ठाण्यात तक्रार देता येते.

वकिलाच्या फीची चिंता असेल, तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे १५१००.

सरकारी भाड्याच्या घरांची चौकशी करायची असेल तर नगरपरिषदेच्या आवास योजना कक्षात जा आणि थेट विचारा: आपल्या शहरासाठी भाड्याच्या घरांचा प्रस्ताव गेला आहे का? नसेल तर लेखी अर्ज देऊन मागणी नोंदवा. पाच-पन्नास कामगारांनी किंवा एखाद्या कामगार संघटनेनं मिळून ही मागणी केली, तर आपल्या शहरात भाडेकरू किती आहेत, हे निदान नगरपरिषदेच्या कागदावर येईल.

तोवर छोट्या शहरातल्या भाडेकरूच्या हातात असलेली सगळ्यात स्वस्त सुरक्षितता म्हणजे हजार-अकराशे रुपयांत होणारी कराराची नोंदणी. किल्ली घेण्याआधी ती मागायला संकोच करू नका.